सिमनार्ती बेटाचा राजा

दाहिबा पलीकडच्या काठावरून एक बाळंतपण उरकून परतली, तर तिच्या घराच्या छपरावर निशाण फडकत होतं. गेरूच्या रंगाचं कापड आणि त्यावर काळ्या सिंहाचं तोंड. काठी रोवण्यासाठी मातीच्या छपराला भोक पाडलं होतं आणि खाली तिच्या बाजेवर ढेकळांचा ढीग पडला होता.

तिचा भाऊ मेक्की अंगणात चार-पाच माणसांना चहा पाजत बसला होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"राज्य," मेक्की म्हणाला. "कूशचं राज्य. आज सकाळी जाहीर केलं. तू नव्हतीस, नाहीतर पहिली सही तुझीच घेतली असती."

"छपराला भोक कुणी पाडलं?"

"ताई, मी काय सांगतोय..."

"भोक कुणी पाडलं ते विचारतेय मी."

माणसं कपात बघत राहिली. बेटावर दाहिबाला उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती. चाळीस उंबऱ्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. मेक्की मात्र गालातल्या गालात हसत होता. ते हसणं तिला लहानपणापासून माहीत होतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती तेरा. तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, विमानात बसवून दिलं. एकोणीस वर्षं तो हॉलंडमधल्या एका गोदामात राबला आणि गेल्या हिवाळ्यात परत आला. सोबत आणली ती पुस्तकांची एक ट्रंक, उन्हावर वीज बनवणारी पाटी, एक लॅपटॉप आणि राजमुद्रा म्हणून करवून घेतलेला रबरी शिक्का.

त्या पुस्तकांत कूश होतं. याच नदीकाठचं जुनं राज्य. मिसरावर सत्ता गाजवणारे काळे राजे, रोमच्या फौजेला अंगावर घेणाऱ्या राण्या. बेटाच्या उत्तर टोकाला त्या काळातले तीन मोडके खांब उभे होते, त्यांना बेटावरची माणसं आजवर शेळ्या बांधत आली होती. मेक्कीनं पहिल्याच आठवड्यात त्या शेळ्या सोडवल्या.

लोक त्याच्यामागे गेले, कारण तो जे सांगत होता ते खोटं नव्हतं. नदीच्या खालच्या अंगाला, खडकांच्या पट्ट्यापाशी, नवं धरण बांधणार अशी बातमी तीन वर्षं येत होती. धरण झालं की बेट पाण्याखाली. पाणी कसं येतं ते इथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. दाहिबाचा बाप हाल्फा गावचा, आणि आधीच्या एका धरणात जुनं हाल्फा बुडालं तेव्हा सरकारनं नेलं तिकडे, दूरच्या वाळवंटात, न जाता तो बायकोच्या बेटावर येऊन राहिला होता. मरेपर्यंत तो आपल्या घराच्या दाराची किल्ली गळ्यात घालून फिरला.

"गावाला एका कागदानं बुडवता येतं," निशाण लागलं त्याच संध्याकाळी मेक्की खांबांपाशी उभा राहून म्हणाला. "देशाला तसं बुडवता येत नाही. जगभरातून माणसं आपली प्रजा व्हायला तयार आहेत. अमेरिकेतली, जमैकातली, लंडनमधली. ज्यांचे पूर्वज साखळदंडात बांधून नेले, त्यांना आपण मातृभूमी देऊ. बुडवू दे मग कुणाला बुडवायचं ते!"

त्या दिवशी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दाहिबाच्याही आलं असतं. पण भाषणाच्या शेवटी त्यानं तिचा हात धरून वर केला आणि म्हणाला, "आणि ही आपली कंदाके! राजाची थोरली बहीण, कूशची राजमाता!"

तिनं हात हिसडून घेतला. "माझं नाव आईनं ठेवलंय. तू नको ठेवूस."

लोक हसले. मेक्की हसला नाही.

*

सुरुवातीचे दोन महिने सगळं पोरखेळासारखं वाटलं. मेक्कीनं पितळी पत्र्याचा मुकुट करून घेतला, कपाळावर दोन नाग असलेला. रोज दुपारी तो खांबांपुढे बसून लॅपटॉपवरून लांबच्या प्रजेशी बोलायचा. गिंदीला त्यानं सीमारक्षक नेमलं. गिंदी म्हणजे बेटावरचाच, चाळिशी उलटलेला, ट्रक चालवून पाठीचं दुखणं लागल्यामुळे घरी बसलेला माणूस. आता तो हातात काठी घेऊन धक्क्यावर बसू लागला.

मग नियम आले. धक्क्यावर उतरायचं तर शिक्क्याचा कागद हवा. बेटाच्या दोन होड्या राज्याच्या मालकीच्या. राजाच्या हुकमाशिवाय त्या सुटायच्या नाहीत, आणि साखळीच्या कुलपाची किल्ली राजाच्या कमरेला. उत्तर टोकाला राजधानी होणार, म्हणून तिथं तारेचं कुंपण पडलं.

कुंपणाच्या आत सातीचे खजूर होते.

बेटावर झाड एकट्याचं नसतं. जमीन एकाची, रोप लावलेलं दुसऱ्यानं, पाणी घातलेलं तिसऱ्यानं, आणि प्रत्येक घडात तिघांचा वाटा. सातीच्या त्या अकरा झाडांत तर सात घरं गुंतलेली. साती उंच, तापट, पंचविशीचा. त्याची बायको नब्रा आठव्या महिन्यात होती. त्यानं कुंपणाची तार नुसत्या हातांनी ओढून काढली. रक्ताळलेले तळवे घेऊन तो मेक्कीच्या दारात उभा राहिला.

"माझ्या आजीनं लावलेली झाडं आहेत ती. तू तेव्हा गोऱ्यांची खोकी उचलत होतास."

"जमीन राज्याची आहे," मेक्की म्हणाला. "तुला मोबदला मिळेल."

"मोबदला! धरणवालेही हेच म्हणतात की रे!"

ते वाक्य मेक्कीच्या वर्मी बसलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं खांबांपुढे दरबार भरवला आणि सातीला वर्षभरासाठी हद्दपार केलं. मुकुट घालून, लॅपटॉपसमोर, कागदावरून वाचून. चाळीस घरांतली माणसं खाली मान घालून बसली होती. त्या दिवसांत हवेत डासांसारख्या बारीक माश्यांचे थवे उठतात. त्या नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून सगळ्यांनी तोंडाला फडकी गुंडाळली होती. दाहिबाला वाटलं, बरंच झालं यांना तोंड झाकायला निमित्त मिळालं.

ती एकटी उठली.

"त्याची बायको महिन्याभरात बाळंत होईल. त्याला कुठं धाडतोस?"

"कायदा सगळ्यांना सारखा आहे, ताई."

"कायदा? तुझं नाक पुसलंय मी या पदरानं. मला कायदा शिकवतोस?"

"राजमातेला खाली बसवा," मेक्की गिंदीला म्हणाला.

गिंदी जागचा हलला नाही, पण दाहिबाच्या बाजूनंही कुणी उठलं नाही. ते तिला भावाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. सातीला होडीत घालून पलीकडे सोडलं. तो पश्चिम काठावर चुलतभावाच्या घरी राहिला. रोज संध्याकाळी तो पाण्यापाशी येऊन उभा राहायचा, आणि नब्रा अलीकडून पोटावर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसायची.

त्या दिवसापासून दाहिबा मेक्कीशी बोलली नाही. एकाच अंगणात राहून तिनं आपली चूल वेगळी केली. तो समोरून आला की ती मुद्दाम थुंकायची.

*

नब्राला कळा लागल्या त्या पहाटे. दुपारी मुलगी झाली. रडणं खणखणीत, वजन चांगलं. सासू फिक्रिया आनंदानं आरोळी ठोकायला दारापर्यंत गेली आणि दाहिबा आतून ओरडली, "थांब! आधी इकडे ये!"

वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. दाहिबानं पोट चोळलं, बाळ नब्राच्या छातीशी लावलं, पिशवीत रक्त थांबवायची एकच सुई होती तीही टोचली. रक्त थोडं कमी झालं आणि पुन्हा सुरू झालं. नब्राचे ओठ राखेसारखे झाले.

"मावशी, मला थंडी वाजतेय," ती म्हणाली. बाहेर उन्हानं भिंती तापल्या होत्या.

"हिला दवाखान्यात न्यायचं. बाजेसकट उचला. मी होडी सोडवून घेते," दाहिबा म्हणाली.

खांबांपर्यंत ती पळत गेली. छप्पन्नाव्या वर्षी, रक्तानं भरलेल्या हातांनी. मेक्की मुकुट घालून लॅपटॉपपुढे बसला होता. पडद्यावर लहान लहान चौकटींत पंधरा-वीस अनोळखी चेहरे होते. महिन्याभरानं तिनं त्याच्याशी तोंड उघडलं.

"किल्ली दे. नब्राला रक्त जातंय."

मेक्की दचकून उठला. क्षणभर त्याचा चेहरा खरंच त्या चार वर्षांच्या पोरासारखा झाला. "बाळ?"

"मुलगी आहे, ठीक आहे. किल्ली!"

"मुलगी," तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो चेहरा पुन्हा मिटला. त्यानं पडद्याकडे पाहिलं. "राज्यातलं पहिलं बाळ. ताई, हे सगळे कधीपासून वाट बघतायत. दोन मिनिटं. तू फक्त इथं उभी राहून सांग की कूशच्या भूमीवर पहिली नागरिक जन्मली. राजमातेच्या तोंडून. मग होडी घे, मीच सोडतो."

"ती मरतेय, मेक्की."

"दोन मिनिटं लागतील. तू आत्तापर्यंत एकदाही माझं काही ऐकलं नाहीस. एकदाही! आज ऐक. आणि बाळ इथं नोंदवायचं, साती काय म्हणेल ते म्हणो."

दाहिबा त्याच्याकडे बघत राहिली. नंतर ती सांगायची की त्या वेळी तिला राग आला नव्हता. राग यायला समोर कुणीतरी ओळखीचं लागतं.

ती वळली. वाटेत फिक्रियाच्या अंगणात लाकडं फोडायची कुऱ्हाड होती, ती उचलली आणि धक्क्यावर गेली. चार बायका बाज घेऊन आधीच पोचल्या होत्या. नब्रावर गोधडी होती आणि बाळ फिक्रियाच्या हातात. गिंदी काठी आडवी धरून होडीपुढे उभा होता.

"हुकूम नाही, मावशी."

"गिंदी, तुझी तिन्ही मुलं या हातांवर आलीत. तिसऱ्याच्या वेळी तू माझे पाय धरले होतेस. बाजूला हो."

तिनं कुऱ्हाड उचलली आणि होडीच्या पुढच्या टोकावर, जिथं साखळीची कडी बसवली होती तिथं, घाव घातला. बाभळीचं जुनं लाकूड, नुसता ओरखडा उठला. दुसरा घाव निसटला. तिचे हात रक्तानं निसरडे झाले होते.

गिंदीनं काठी टाकली. "दे इकडे. तुझ्यानं व्हायचं नाही."

चार घावांत कडी लाकडाच्या ढलपीसकट उखडून पाण्यात पडली. बायकांनी बाज होडीत चढवली.

तेवढ्यात मेक्की धावत आला. अंगरखा गुडघ्यापर्यंत धरलेला, मुकुट एका कानावर कललेला. "देशद्रोह! गिंदी, हा देशद्रोह आहे! होडी राज्याची आहे!" तो पाण्यात उतरला आणि त्यानं होडीचा काठ उजव्या हातानं घट्ट धरला.

"सोड," दाहिबा म्हणाली.

"सगळे बघतायत मला! जगभर बघतायत! तू माझं..."

"सोड हात."

त्यानं सोडला नाही. तिनं वल्हं उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मेक्की कमरेपर्यंत पाण्यात बसला. मुकुट पाण्यावर तरंगेल असं कुणाला वाटलं असलं तर तसं झालं नाही, पितळ होतं ते, सरळ तळाला गेलं. गिंदीनं होडी ढकलली आणि उडी मारून आत बसला.

*

पलीकडे साती धक्क्यावरची धावपळ पाहून गळ्याएवढ्या पाण्यात येऊन थांबला होता. चुलतभावाच्या गाडीतून नब्राला दवाखान्यात नेलं. दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं, एक गिंदीचं आणि एक कुठल्याशा अनोळखी शिक्षकाचं. तिसऱ्या दिवशी नब्रानं पेज मागितली तेव्हा दाहिबा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली आणि पहिल्यांदा तिनं भिंतीला पाठ टेकली.

बेटावरून माणसं त्याच कडी तोडलेल्या होडीतून भेटायला यायची. त्यांच्याकडून कळत होतं. मेक्कीनं डाव्या हातानं जाहीरनामा लिहिलाय. राजमातेला जन्मभर हद्दपार केलंय. मनगट सुजून भोपळ्याएवढं झालंय, पण तो कुणाला हात लावू देत नाही.

"तू बघशील का?" फिक्रियानं हळूच विचारलं. मोडलेली हाडं बसवणंही दाहिबाच करायची.

"नाही."

सातव्या दिवशी मुलीचं नाव ठेवायचं. साती म्हणाला, इथंच ठेवू. नब्रा म्हणाली, नाही, माझ्या घरी. तेव्हा दाहिबा उठली आणि पुढे होऊन होडीत बसली. हद्दपार झालेली दोन माणसं, एक बाळंतीण, एक लेक आणि मागच्या होड्यांत पश्चिम काठावरचे सातीचे सगळे सोयरे, असे ते भर दुपारी धक्क्यावर उतरले. तिथं त्यांना अडवायला कुणीच नव्हतं. बायकांनी बाळ पाण्याशी नेलं, त्याच्या कपाळाला नदी लावली, पाण्याखाली राहणाऱ्या आत्म्यांसाठी खजूर आणि लापशी सोडली. मेंढरू कापलं. मुलीचं नाव ठेवलं शाया.

मेक्की दारात उभा राहून बघत होता. हात मळक्या फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला. कुणी त्याला जेवायला बोलावलं नाही. बेटावर असं आजवर कुणाशीही झालं नव्हतं, जमिनीवरून खून झालेल्या घरांशीसुद्धा नाही.

संध्याकाळी पुरुष मशिदीपुढच्या ओट्यावर जमले आणि त्यांनी दाहिबाला बोलावलं. साती म्हणत होता, याला पोलिसांकडे देऊ. वेगळा देश काढला म्हणून उलटा टांगतील. म्हातारा सोरी म्हणाला, आपल्याच रक्ताचा आहे, शिक्का जाळू आणि सोडून देऊ.

"तू सांग," सोरी दाहिबाला म्हणाला. "भाऊ तुझा आहे."

"त्या दिवशी दरबारात मी उभी राहिले तेव्हा तो कुणाचा भाऊ होता?" दाहिबा म्हणाली. "तेव्हा तुम्ही सगळे पायाची नखं बघत होता. आज मी सांगू काय?"

ती त्यांच्यासमोर ओट्यावर बसली.

"पोलिसांना द्यायचं नाही. ते आत आले की त्याला नेऊन थांबणार नाहीत. उद्या सकाळी मी त्याला पलीकडे सोडते. मीच. परत यायचं नाही."

*

सकाळी मेक्की न सांगताच ट्रंक घेऊन धक्क्यावर आला होता. ट्रंक सातीनं होडीत ठेवली, आदळलीच. दाहिबानं वल्ही हातात घेतली. होडी मधल्या प्रवाहात आली. त्याची बोटं निळी पडली होती. हाड वाकडं बसतंय, आठवड्याभरात कायमचं वाकडं होईल, हे तिला लांबूनही दिसत होतं. तिनं नजर वल्ह्यावर ठेवली.

"तू मला कधी माणूसच मानलं नाहीस," मेक्की म्हणाला. "तिकडे खोकी उचलणारा, इकडे तुझं शेंबडं पोर."

"मी तुला राजा मानायला हवं होतं?"

"एकदा तरी."

"नब्रा मेली असती."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी किल्ली दिली नाही. हे मी रोज पाहतोय डोळे मिटले की. तुला बरं वाटलं असेल ऐकून."

दाहिबाला बरं वाटलं नाही. तिला दया आली असंही नाही. तिला एवढंच वाटलं, की हे त्यानं मला सांगायला नको होतं, याचं मी आता काय करू?

काठ आला. तो गुडघाभर पाण्यात उतरला, डाव्या हातानं ट्रंक ओढायला लागला. तिनं मदत केली नाही. वाळूवर पोचल्यावर तो वळला.

"धरणवाले येतील, ताई. कुंपण तोडलंत, निशाण उतरवलंत, मला हाकललंत. ठीक आहे. ते आले की काय करणार आहात तुम्ही? कोण बोलणार? सोरी? गिंदी? काय ठरवलंय?"

तिनं होडी फिरवली.

"उत्तर दे ना!" तो मागून ओरडला. "काहीतरी बोल!"

ती परत गेली ती उलट्या प्रवाहातून, एकटी वल्हवत, दुप्पट वेळ घेऊन. धक्क्यावर बायका वाट बघत होत्या. फिक्रियानं हात दिला. "गेला?"

"गेला."

"काही म्हणाला?"

दाहिबानं पदरानं मानेवरचा घाम पुसला. तिथं जमलेल्या माणसांकडे तिनं एकेकाकडे पाहिलं, आणि जे सांगायची तिची मुळीच इच्छा नव्हती ते तिनं सांगितलं.

"विचारत होता, धरणवाले आले तर आपण काय करणार. मला उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं?"

साती म्हणाला, त्याचं नाव नका काढू माझ्यापुढे.

"नाव नाही काढत," दाहिबा म्हणाली. "प्रश्न विचारतेय. आणि आज कुणी खाली बघायचं नाही."

ती धक्क्याच्या पायरीवर बसली. हळूहळू बाकीचेही बसले. मग गिंदी म्हणाला की पलीकडच्या सात गावांनाही तेच पाणी येणार आहे, त्यांना कुणी विचारलंय का? फिक्रिया म्हणाली, बायकांना घेऊन मी जाते. साती म्हणाला, बायका काय करणार? त्यावर फिक्रियानं त्याला असं काही सुनावलं की तो उठूनच गेला. ऊन डोक्यावर आलं तरी भांडण चालू होतं.